भट्टी नंबर दोनचा अबोला

सोमवार, ३ मार्च

पोचले. गेस्टहाऊसची खोली बरी आहे. खिडकीतून भट्टीचं धुराडं दिसतं, गादी मात्र दगड! बॅग न उघडताच कारखान्यात गेले. पहिल्या तासात माणसं खरं बोलतात, नंतर शहाणी होतात.

प्रकरण असं. फरशांचा कारखाना, भट्टी नंबर दोन. भट्टी सांभाळतो तो मास्तर — साठीला टेकलेला, उष्णतेने भुवया कधीच्या गेलेल्या, त्यामुळे सतत आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा. फरशांवर रंगाचा चकचकीत लेप देते ती झिलईबाई — पन्नाशीची, उंच, मोजकं बोलणारी. ह्या दोघांचा अकरा वर्षं अबोला आहे. अकरा! चकार शब्द नाही. दोघांच्या खोल्यांमधल्या भिंतीवर एक मोठी पाटी टांगलेली आहे, काय सांगायचं ते खडूने तिच्यावर लिहायचं. शाळेतल्या मुलांनी कट्टी घ्यावी तसं!

मॅनेजरने (तीनच वर्षांपूर्वी आलेला, टाय लावतो, घाम फार येतो) हे वार्षिक अहवालात लिहून टाकलं. झालं! मुख्य कचेरीचा नवा नियम आहे — जिथे तंटा, तिथे मोठं काम द्यायचं नाही. आणि मोठं काम दारात उभं आहे. नव्या वाचनालयाच्या सगळ्या भिंती, आठ हजार निळ्या फरशा. पंचवीस तारखेच्या आत मी 'तंटा मिटला' असं लिहून दिलं तर काम इथे. नाही दिलं तर दुसऱ्या देशातल्या कारखान्याला, आणि ही भट्टी कायमची बंद. चौतीस माणसं आहेत तिच्यावर.

आजवर बावीस तंटे हाती घेतले, पाच देशांतले. बावीसच्या बावीस मिटवले. हा तेविसावा. पंचवीसपर्यंत म्हणजे वेळच वेळ!

दोघांना वेगवेगळं भेटले. मास्तर: 'आमचं भांडण नाही, मॅडम.' झिलईबाई: 'भांडण कुठे आहे?'

नकार. नेहमीचाच. सगळ्या देशांत पहिली पायरी हीच. खाली लाल रेघ मारून ठेवली.

मंगळवार, ४ मार्च

दिवसभर स्टूल टाकून पाटीसमोर बसले. जे पाहिलं त्याने थक्क!

झिलईबाई पाटीवर लिहिते — लेप किती जाड दिला तो आकडा. मास्तर येतो, वाचतो, आणि विश्वास ठेवतो का? छे! सुई घेऊन स्वतः परत मोजतो आणि तिच्या आकड्याखाली आपला आकडा लिहितो. मग तो भट्टीची उष्णता लिहितो. की ही बाई हातातलं काम टाकून जाते, भट्टीच्या उष्णतेच्या काट्यावर स्वतःच्या डोळ्यांनी बघते, आणि त्याच्या आकड्याखाली आपला लिहिते. दोन्ही जुळले तरच काम पुढे. आज एकदा जुळले नाहीत तर पाऊण तास सगळे हातावर हात ठेवून बसले होते. किती हा अविश्वास! अकरा वर्षं रोज एकमेकांना खोटं पाडायला बघतात.

आणखी एक टिपलं. झिलईबाईचा डावा हात कायम एप्रनच्या खिशात. बोलताना, चालताना, खडू धरतानासुद्धा. हात लपवणं म्हणजे मन लपवणं — हे मी दरवर्षी नव्या लोकांना शिकवते.

चहावाल्या मावशींना विचारलं, ह्यांचं भांडण सुरू कशावरून झालं? मावशींनी कप पुसत पुसत माझ्याकडे बघितलं. 'भांडण? असेल, मॅडम. तुम्ही म्हणता तर असेलच.' घाबरतात बिचाऱ्या.

बुधवार, ५ मार्च

आज आखणी. कुठल्या देशाची रीत इथे चालेल?

पाच देशांत कामावरची भांडणं पाच तऱ्हांनी मिटतात. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझ्या पायांना माहीत आहे. एका देशातल्या आमच्या कारखान्यात आधी जेवायचं. सलग तीन दिवस एका टेबलावर, भांडणाचं नाव काढायचं नाही. तिसऱ्या दिवशी एकजण ताटाकडे बघत म्हणतो 'चुकलं', की संपलं. मी त्याला जेवणाचा देश म्हणते. दुसरा ओरडण्याचा देश. तिथे दोघं कामाच्या मधोमध उभे राहून अर्धा तास तोंडाचा पट्टा सोडतात, बाकीचे आपलं काम चालू ठेवतात, आणि मग तेच दोघं गळ्यात गळे घालून चहाला जातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोलिसांना बोलवायला निघाले होते! तिसरीकडे सगळ्यात म्हाताऱ्या कामगाराने बोललेलं शेवटचं, मग ते बरोबर असो की चूक. चौथीकडे भांडणारे समोर येतच नाहीत, मधला माणूस निरोप घेऊन हेलपाटे घालतो. माझ्या चपलेच्या टाचा झिजल्या होत्या तिथे.

आणि पाचवा कागदाचा देश. करार, तीन प्रती, सह्या. तिथली पॅकिंगमधल्या दोघींची केस मला फार प्रिय आहे. रोज सकाळी सहाला वादावादी. मी दोन दिवसांत अकरा कलमी करार करून दिला. धाकटी महिन्याभरात आपण होऊन नोकरी सोडून गेली आणि तंटा मुळासकट गेला. माझं सगळ्यात स्वच्छ काम.

इथे काय चालेल ते चार दिवसांत कळेल. एक नाही तर दुसरी. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे आहे, कुलूप कितीही गंजलेलं असो.

शुक्रवार, ७ मार्च

दोन किल्ल्या लागल्या नाहीत.

आधी म्हाताऱ्यांची रीत. इथले सगळ्यात जुने म्हणजे माती मळणारे काका, चाळीस वर्षं इथेच. त्यांना म्हटलं, तुम्ही दोघांना बोलवा आणि निकाल द्या. काका हसले. 'कशाचा निकाल देऊ?' म्हटलं, ह्यांच्या अबोल्याचा. 'त्यात निकाल द्यायचं काय आहे? चांगलं चाललंय.' चांगलं चाललंय! वय झालं की माणसाला सगळंच चांगलं वाटतं.

मग निरोपाची रीत. झिलईबाईला विचारलं, मनात जे असेल ते सांगा, मी मास्तरांपर्यंत पोचवते. तिने बराच विचार केला. 'त्यांना म्हणावं, गुडघ्याला तेल लावत जा.' मी धावत मास्तरकडे. मास्तर ऐकून म्हणाला, 'तिला सांगा, रंग कालवताना खिडकी उघडी ठेव, खोकला वाढलाय.'

टोमणे! एकमेकांच्या दुखण्यांवर बोट ठेवतात. अकरा वर्षांत धार कमी झालेली नाही.

रविवार, ९ मार्च

कपडे धुतले. गादीखाली घडी केलेलं कांबळं घातलं, आता दगडाचं लाकूड झालं.

ह्यांचा फोन. म्हणाले, 'ते काय म्हणतात ते आधी ऐकून तर घे.' ह्यांचं हे नेहमीचंच. निवृत्त झाल्यापासून झाडांना पाणी घालतात आणि मला उपदेश. म्हटलं, बावीसच्या बावीस, विसरलात का? म्हणाले, 'नाही विसरलो. कुंडीतल्या लिंबाला कळी आली.'

सोमवार, १० मार्च

आजपासून जेवणाचा देश. दोघांना एका टेबलावर बसवलं, मधे मी. मास्तर मान खाली घालून जेवला, झिलईबाईही. एक अक्षर नाही. पण उठून गेलं नाही कुणी! मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

बुधवार, १२ मार्च

फत्ते!!

तिसरं जेवण. झिलईबाईने डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, एका हाताने. मास्तरने — मी सांगितलेलं नाही, खूण केलेली नाही — हात पुढे केला, तिच्या डब्याचं झाकण उघडलं आणि डबा तिच्यासमोर सरकवला. तिनेही अशा सहजतेने खायला सुरुवात केली की जणू रोजचंच आहे. मी जागच्या जागी उडाले. अकरा वर्षांचं वैर आणि तीन डबे! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला लिहू.

लगेच म्हटलं, मग आता बोला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मास्तरने मला विचारलं, 'बोललो की काम मिळेल ना इथल्या लोकांना?' म्हटलं, नक्की. मग तो तिच्याकडे वळून म्हणाला, 'भाजी छान आहे.' ती म्हणाली, 'मीठ कमी पडलंय.' मावशींच्या हातातून ट्रे पडला!

शुक्रवार, १४ मार्च

पक्कं करायला कागद हवाच. कागदाच्या देशाची आठवण काढून तीन प्रती केल्या. कलमं चारच. चौथं माझं खास: 'पाटी काढून टाकण्यात येईल. यापुढे कामाचं सर्व बोलणं तोंडी व समोरासमोर होईल.'

ह्याच कलमावर अडले. झिलईबाई: 'पाटी काढायलाच हवी का?' मास्तर: 'मॅडम, आम्ही बोलतो. तुम्ही म्हणाल तितकं बोलतो. पण पाटी राहू द्या.' मी म्हटलं, पाटी हेच तर तुमच्यामधलं वैर आहे. ती तिथे असेपर्यंत मी 'मिटला' कसं लिहू? मास्तर पुन्हा काहीतरी सांगणार होता, पण मॅनेजरने घड्याळाकडे बघितलं आणि चौतीस माणसांचा आकडा काढला. मग दोघांनी सह्या केल्या, तिने उजव्या हाताने, कागद कोपराने दाबून.

पाटी मी स्वतः उतरवली. आता माझ्या खोलीत कपाटाला टेकून उभी आहे. तिच्यावर शेवटचे दोन आकडे तसेच आहेत, एकाखाली एक.

दुपारी मुख्य कचेरीला फॉर्म पाठवला. 'तंटा मिटला' आणि 'तंटा मिटला नाही' असे दोन चौकोन असतात. पहिल्यात बरोबरची खूण. तेवीसपैकी तेवीस!

सोमवार, १७ मार्च

भट्टी पेटली. वाचनालयाच्या पहिल्या आठशे फरशा आत आहेत. त्या सव्वीसला वाचनालयवाल्यांना दाखवायच्या.

आणि काय तो आवाज कारखान्यात! दोघं बोलतायत. सकाळी जरा अडखळत, दुपारपर्यंत धबधबा. मास्तर भलताच गोष्टीवेल्हाळ निघाला. झिलईबाई हसते तेव्हा खोकते, खोकते तेव्हा आणखी हसते. लेपाचं विचारलं तर 'नेहमीसारखाच आहे' म्हणाली, तो म्हणाला 'मग ठीक आहे.' सुई नाही, काटा नाही, पाऊण तासाचा खोळंबा नाही. विश्वास! मॅनेजरने टाय सैल केला. मुख्य कचेरीतून आमच्या चीफचा फोन आला, परत आल्यावर प्रशिक्षणाचा सगळा विभाग माझ्याकडे. मी शांतपणे 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवल्यावर खोलीत एक गिरकी घेतली.

मातीवाले काका तेवढे तोंड पाडून बसलेत. म्हाताऱ्यांना बदल पचत नाही.

गुरुवार, २० मार्च

लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

आज भट्टी उघडायची होती. सगळे जमले होते. मास्तर काहीतरी मजेदार सांगत होता, झिलईबाई हसत होती. सांगता सांगता तो म्हणाला, 'काढ आता.' ती दाराकडे गेली आणि कडीला हात घातला. आणि मास्तर एकदम ओरडला — 'थांब!' — असा आवाज मी ओरडण्याच्या देशातही ऐकलेला नाही. झडप घालून त्याने तिचा एप्रन मागून ओढला, दोघंही धाडकन खाली पडली. दार बोटभर उघडलं होतं. त्या फटीतून जी धग बाहेर आली ती दहा पावलांवर माझ्या तोंडावर बसली. भट्टी थंड झालेलीच नव्हती. काट्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

कुणाला लागलं नाही. देवाची कृपा.

चार तासांनी नीट थंड करून उघडली. आठशेच्या आठशे वाया. निळा रंग ओघळून कडांना साचलेला, मधे फोड. लेप केसभर जाड होता म्हणे. सुईने मोजला असता तर लगेच कळलं असतं.

मास्तर जमिनीवरून उठलाच नाही. दोन्ही हातांत तोंड धरून रडत होता. साठ वर्षांचा माणूस, लहान मुलासारखा. झिलईबाई शेजारी बसून होती, त्याच्या पाठीवर उजवा हात ठेवून. फरशा गेल्या म्हणून इतकं रडतं का कुणी? मला काही समजत नाही. आणि समजत नाही हे लिहायची मला सवय नाही.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी दाराखालून कागद सरकवलेला. अर्ज! जसाच्या तसा उतरवते:

'विषय: न बोलण्याची परवानगी मिळणेबाबत. आम्ही खाली सह्या करणारे दोघे विनंती करतो की आमची पाटी परत मिळावी, व कामाच्या जागी पूर्वीप्रमाणे न बोलण्याची परवानगी मिळावी. चहा एकत्र घेण्यास आमची हरकत नाही, परंतु न बोलता.'

खाली दोघांच्या सह्या, एकाखाली एक.

माझं डोकं फिरलं. मिटलेला तंटा पुन्हा उकरून काढायला परवानगी मागतात, तीही एकत्र सही करून! तरातरा गेले. दोघं पाटीच्या रिकाम्या खिळ्याखाली बाकावर बसले होते, मधे चहाचे दोन कप. मी बरंच बोलले. लाज, जबाबदारी, चौतीस माणसं. बोलून दमले तेव्हा झिलईबाईने डावा हात खिशातून काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

तीन बोटं आत वळलेली. कातडी मेणासारखी. उघडत नाहीत.

मग मास्तर बोलला, जमिनीकडे बघत. अकरा वर्षांपूर्वी ह्या दोघांच्या गप्पा म्हणजे कारखान्याचा रेडिओ होता. असाच एक दिवस, अशीच गोष्ट रंगलेली, आणि काट्याकडे न बघता तो म्हणाला, 'काढ आता.' तिने त्याच्या शब्दावर दार उघडलं.

झिलईबाई म्हणाली, 'हॉस्पिटलातून आले त्या दिवशी मीच पाटी टांगली. ह्यांना म्हटलं, राग नाही. पण आता तुमच्या तोंडचं मी ऐकणार नाही आणि माझ्या तोंडचं तुम्ही ऐकायचं नाही. लिहायचं. आणि लिहिलेलंही तपासायचं.'

मी म्हटलं, मग कामाचं लिहा, बाकीचं तरी बोला!

'बाकीचं बोलता बोलताच कामाचं निघतं, मॅडम. आमची जीभ आम्हाला माहीत आहे.'

अकरा वर्षं कुणाला साधा चटकाही बसला नव्हता. मी सतरा दिवसांत तिचा उरलेला हात घालवत होते.

मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ओरडलेच जवळजवळ. मास्तरने त्या बिनभुवयांच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. 'पहिल्याच दिवशी सांगितलं, मॅडम. भांडण नाही म्हणून.'

मग जेवलात का एकत्र? बोललात का? सह्या का केल्यात?

'मिटल्याशिवाय काम नाही म्हणालात. चौतीस माणसं आहेत. नसलेलं भांडण मिटवायचं कसं ते आम्हाला येईना. म्हणून तुम्ही सांगाल तसं मिटवलं.'

खोलीवर येऊन ही वही मागे चाळली. तीन तारखेचं पान. दोघांची वाक्यं आहेत तिथे, माझ्याच अक्षरात, आणि खाली माझी लाल रेघ. रेघ सरळ आहे, पट्टीने मारल्यासारखी.

शरम वाटली. नुसती वाटली नाही, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

शनिवार, २२ मार्च

रडून झालं. आता काम.

सकाळी सातला पाटी डोक्यावर घेऊन कारखान्यात गेले. रस्त्यात लोक बघत होते, बघू देत! खिळ्यावर मीच टांगली. मावशींनी ओल्या फडक्याने पुसली. मातीवाले काका जवळ आले, म्हणाले, 'वरून माणूस आला की तो काय शोधतोय ते आम्ही आधी बघतो, मॅडम. मग तेच देतो. त्याशिवाय तो जात नाही.' तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं. पाया पडावंसं वाटलं.

नव्या आठशे फरशांवर लेप दिला. पाटीवर तिचा आकडा, त्याखाली त्याचा. जुळले नाहीत. पाऊण तास सगळे हातावर हात ठेवून बसलो, मीसुद्धा. दुसऱ्यांदा जुळले. भट्टी पेटली.

मग मुख्य कचेरीचा फॉर्म नव्याने भरायला घेतला. 'तंटा मिटला.' खोटं. 'तंटा मिटला नाही.' तेही खोटं! दोनच चौकोन. फॉर्म मीच तयार केलेला आहे, सहा वर्षांपूर्वी. पट्टी घेतली, तिसरा चौकोन काढला, पुढे लिहिलं: 'तंटा नव्हता.' बरोबरची खूण केली. चौदा तारखेचा फॉर्म रद्द समजावा असं लिहून सही ठोकली.

चीफचा फोन दहा मिनिटांत. 'हा चौकोन नियमात नाही.' म्हटलं, आता आहे. 'काम दुसरीकडे जाईल.' म्हटलं, मंगळवारी भट्टी उघडेल आणि बुधवारी वाचनालयवाले फरशा बघतील. बघून झाल्यावर कुठे पाठवायचं ते ठरवा. 'आणि प्रशिक्षण विभागाचं?' म्हटलं, त्याचंही तेव्हाच ठरवा. आवाज अजिबात कापला नाही माझा. ह्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, 'अरे वा.' एवढंच. बरं वाटलं.

मंगळवार, २५ मार्च

मास्तरने काटा बघून आकडा लिहिला. झिलईबाईने जाऊन बघितला, खाली लिहिला. एकच. तरी तिने आणखी एकदा बघितला. मी तोंडावर हात दाबून उभी होते, न जाणो, आपल्याच तोंडून काही निघायचं.

दार उघडलं. निळ्या. आठशेच्या आठशे निळ्या, पहिली आणि शेवटची शेजारी ठेवली तर ओळखू येऊ नये अशा.

कुणी ओरडलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. तिने पाटीवर लिहिलं, 'ठीक.' त्याने त्याखाली लिहिलं, 'ठीक.' मग त्याने तिच्या डब्याचं झाकण उघडून दिलं आणि तो आपल्या बाकावर जाऊन बसला.

बुधवार, २६ मार्च

पसंत!! आठ हजारच्या आठ हजार इथेच होणार. चीफने फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवला. माझ्या विभागाचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

निघताना पाटीवर खडूने 'येते' लिहिलं. खाली दोघांनी लिहिलं, 'या.'

शनिवार, २९ मार्च

घरी. लिंबाला दोन कळ्या आहेत.

माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. बावीस तंटे, बावीस पहिले दिवस. सगळी पानं वाचली. नऊ ठिकाणी लाल रेघ आहे आणि खाली तेच: 'नकार. नेहमीचाच.'

कागदाच्या देशातली, पॅकिंगमधली धाकटी, जी नोकरी सोडून गेली तिच्या पानावर तिचं वाक्य आहे. 'आमचं भांडण नाही हो मॅडम. आम्हा दोघींत बसायला खुर्ची एकच आहे.' शेजारी मी लिहिलंय: 'विषयांतर.'

वही दोनदा चाळली. तिचा पत्ता मी कुठेच लिहून ठेवलेला नाही.